एक घर, खालची वाडी

पपांच्या धर्मादायच्या वहीत घेणाऱ्याचं नाव कधी नसायचं.
"एक घर, खालची वाडी. हजार."
"एक घर, उभादांडा. मुलीची फी."
देणाऱ्याचं नाव लिहायची गरजच नव्हती,
ते शाळेच्या भिंतीवर होतं, संगमरवरात,
दवाखान्याच्या पायरीवर,
बंदरावरच्या बाकाच्या पाठीला, जिथे टेकलं की
बोवलेकर उलटं उमटायचं घामेजल्या शर्टावर.

आमचा काजूचा कारखाना.
छत्तीस बायका टरफलं फोडायच्या,
बोटांना राख फासून. तरी चीक लागायचाच,
कातडी सोलून निघायची.
त्यांच्यातलीच कुणी संध्याकाळी मागच्या दाराने यायची.
पपा चष्मा पुसायचे. पुसून होईपर्यंत
ठरलेलं असायचं, किती,
आणि द्यायचं की नाही.
(मजुरी वाढवायचं मात्र चष्मा पुसून कधी ठरलं नाही.
हे लिहिते, कारण आता कारखाना मी बघते
आणि मीही फारशी वाढवलेली नाही.)

मग द्रौपदीबायच्या नातवाचं हृदय.
बांबोळीत आकडा सांगितला, साडेचार लाख.
ती मागच्या दाराने आली नाही.
भाच्याने फोनवर टाकलं सगळं:
वेदांगचा फोटो, हातात सुई, नाकात नळी,
खाली एक हिरवी रेघ, पुढे पुढे सरकणारी.
शारजाहून दोन हजार. नागपूरहून तीनशे.
कुणी शुभचिंतक, अकरा रुपये.

सातव्या दिवशी पपांनी मला हाक मारली,
"पंचवीस हजार टाक आपले."
टाकताना खाली एक चौकोन आला:
नाव गुप्त ठेवायचं आहे का?
मी विचारलं.
इतका वेळ चष्मा पुसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.
शेवटी म्हणाले,
"त्या पोराचं नाव गुप्त ठेवायचा चौकोन कुठाय?"

तो नव्हता.
रेघ भरली नवव्या दिवशी. पोर वाचलं,
सायकल चालवतं, शिव्या देतं,
आणि वेंगुर्ल्याच्या बाजारात अनोळखी माणूस
गाल ओढून विचारतो, तू तोच ना रे, नळीवालो?

त्याच वर्षी बायकांनी डबा काढला. बिस्किटांचा, पत्र्याचा.
पगाराच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
गोल बसायचं, प्रत्येकीने पन्नास.
मी पाचशेची नोट घेऊन गेले.
द्रौपदीबायने ती माझ्याच मुठीत दुमडून ठेवली.
"पन्नासच हां बाय. तुजे पण पन्नासच.
हंय नाव लिवणत नाय.
आणि हंय चष्मो पुसून ठरणा नाय."
सगळ्या हसल्या. मला वाटायचं,
चष्म्याचं फक्त घरातच माहीत आहे.

त्या दिवशी दोन घरं होती आणि पैसे एकाला पुरतील इतकेच.
फिलोमिना भांडली. तिच्या समोरची रडली.
कुणी म्हणालं, त्याचो घोव पिता,
कुणी म्हणालं, मगे पोरांनी काय केलां?
देण्यावरून इतका आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.
आमच्या घरी देणं म्हणजे शांतता,
कपाट उघडल्याचा आवाज, मग बंद झाल्याचा.
सुट्टी संपली. भोंगा मीच वाजवायचा होता.
वाजवला नाही, दहा मिनिटं.

रात्री जेवताना पपांनी विचारलं,
"कोणाला दिलंत?"
"एक घर," मी म्हटलं. "खालची वाडी."
त्यांचा घास हातातच राहिला.
"किती?"
"अठराशे पन्नास."
कढीची वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली.
"कमी पडतील."
"हो," मी म्हटलं.
"पुढच्या महिन्यात परत बसतोय."